डोंगरवाटेवरची सायकल

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या गावांत एक दृश्य पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे आहे. कॅरिअरला चाऱ्याचा भारा बांधलेला शेतकरी सपाट रस्त्याने झपाझप सायकल मारीत येतो, चढ सुरू होताच पाय टेकून खाली उतरतो आणि हँडल धरून सायकल ढकलत चालू लागतो. त्याच्या लेखी सायकल ही सपाटीची सोबतीण. डोंगर आला की तिचे काम संपले. आज अशा अनेकांच्या दारात मोटारसायकल आली असली, तरी हे दृश्य पुरते नाहीसे झालेले नाही. त्याच वाटेवर सुट्टीच्या दिवशी सकाळी आता आणखी एक सायकलस्वार दिसू लागला आहे. त्याच्या डोक्यावर हेल्मेट असते, सायकलीचे टायर जाड व दातेरी असतात आणि डांबरी रस्ता समोर असताना तो मुद्दाम दगडधोंड्यांची पायवाट धरतो. गुरे राखणारा एखादा म्हातारा त्याला हटकतो, “अहो, तिकडून चांगला रस्ता आहे की! इकडून कशाला जीव काढता?”

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला सरळ उत्तर मिळणे अवघड आहे. माउंटन बायकिंग या इंग्रजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या या छंदाचे, अर्थात डोंगरी सायकलिंगचे, गुणगान करणारे बहुधा वेग, धाडस आणि निसर्गाचे सान्निध्य यांचा हवाला देतात. त्यात खोटे काही नाही. परंतु वेगच हवा असेल तर तो मोटारसायकलीवर अधिक मिळतो, आणि निसर्ग तर पायी चालणाऱ्यालाच अधिक जवळून दिसतो. मग सायकलच कशासाठी? याचे उत्तर उतारावर शोधणारे पुष्कळ आहेत. ते खरे पाहता चढावर सापडते. या छंदातील आनंद आणि त्यातील कष्ट हे एकाच कापडाचे उभे-आडवे धागे आहेत. कष्टांचे धागे ओढून काढून केवळ आनंद पांघरू पाहणाऱ्याच्या हाती अखेर कापडच उरत नाही.

या छंदाचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस, मरीन नावाचा परगणा आहे आणि त्यात माउंट टॅमलपायस हा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण भंगारातून जाड टायरांच्या जुन्या सायकली मिळवू लागले. या सायकली तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, अवजड आणि गिअर नसलेल्या होत्या. वणवा विझविणाऱ्या गाड्यांसाठी डोंगरावर जे मातीचे रस्ते काढलेले होते, त्यांवरून या सायकली खाली सोडणे हा त्यांचा खेळ झाला. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी अशाच एका उतारावर शर्यत लावली. जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटरांत सुमारे चारशे मीटर खाली नेणारा हा उतार होता. सायकलीचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे आणि पायडल उलटे दाबले की तो लागे. सतत दाबल्याने तो इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे आणि हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरूनच शर्यतीचे ‘रीपॅक’ हे नाव रूढ झाले.

मात्र या शूर मंडळींना डोंगरमाथ्यावर पोहोचण्यासाठी सायकल ढकलावी लागे किंवा ती ट्रकमध्ये घालून न्यावी लागे. म्हणजे तेव्हाची ती सायकल उताराचे खेळणे होती. डोंगराची सायकल ती अजून व्हायची होती. गॅरी फिशर याने आपल्या जुन्या सायकलीला गिअर बसवले आणि चढावरही ती चालवता येऊ लागली. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास या कामासाठी नवा सांगाडा घडविला. १९७९ मध्ये फिशर आणि चार्ली केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ या नावाने अशा सायकली विकण्यास आरंभ केला. १९८१ पासून त्या कारखान्यांतून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागल्या, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या प्रकाराला पदकांच्या यादीत स्थान मिळाले. भंगारापासून ऑलिंपिकपर्यंतचा हा प्रवास पाहिला म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. सायकल ज्या दिवशी स्वतःच्या बळावर डोंगर चढू लागली, त्या दिवशी तिला डोंगराचे नाव लावण्याचा अधिकार मिळाला.

चढ शक्य झाला तो गिअरमुळे. म्हणून गिअर म्हणजे काय हे समजून घेणे आवश्यक आहे. साध्या सायकलीच्या पुढच्या चक्राला बहुधा ४४ आणि मागच्याला १८ दाते असतात. पायडलाचा एक फेरा पूर्ण झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. सपाटीवर हे सोयीचे, पण चढावर असह्य होते. डोंगरी सायकलीच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढचे चक्र मागच्यापेक्षा लहान असते. पुढे ३२ आणि मागे ५१ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचा दोन तृतीयांश फेराही होत नाही. मिनिटाला साठ फेरे मारले तरी वेग भरतो ताशी पाच किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकाच. एवढी यंत्रसामग्री जुळवून अखेर चालण्याचाच वेग मिळवायचा, हे पाहून कोणालाही हसू येईल. त्यातही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की गिअरमुळे एकूण श्रम कमी होत नाहीत. शंभराची नोट मोडून सुटे पैसे घेतले म्हणून रक्कम घटत नाही. गिअरही श्रमांची अशीच मोड करून देतो. एकरकमी जे पेलले नसते, ते थोडे थोडे करून फेडता येते, इतकेच.

हे फेडणे प्रत्यक्षात कसे असते, हे चढणीवरच्या पहिल्या दहा मिनिटांत कळते. श्वास आणि पाय यांचा मेळ बसलेला नसतो. सीटवरून उठून जोर लावावा, तर मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते सुट्या खडीवर गरकन फिरते. सीटवर मागे रेलून बसावे, तर पुढचे चाक उचलले जाते आणि सायकल भलतीकडे वळते. म्हणून सीटच्या पुढच्या टोकाशी सरकून, छाती हँडलकडे झुकवून, कोपरे खाली ठेवून चढावे लागते. वेग इतका मंद असतो की तोल हाच मोठा प्रश्न होऊन बसतो. भरधाव सायकल सावरणे सोपे; रांगणारी सायकल सावरणे अवघड. पाय थकण्याआधी मन सौदा करू लागते. ‘त्या आंब्यापर्यंत जाऊ, मग थांबू.’ आंबा येतो, आणि मन पुढचा दगड दाखविते. अनुभवी सायकलस्वार या सौद्यात फारसे पडत नाहीत. ते श्वासाची लय पकडतात आणि चाकापुढच्या चार-पाच हात जमिनीकडे लक्ष देतात. असे काही काळ चालले की केव्हातरी लय जुळते. दम लागलेला असतो, पण दमछाक होत नाही. आजूबाजूचे आवाज ऐकू येऊ लागतात. या अवस्थेचे सुख वर्णन करून सांगणे कठीण आहे; शेतात दिवसभर एका लयीत कापणी करणाऱ्या माणसाला मात्र ते समजावून सांगावे लागत नाही.

आणि लय नाही जुळली तर? तर खाली उतरून चालावे. नवशिक्यांना यात अपमान वाटतो, आणि या छंदातील पुष्कळ अपघात त्या खोट्या अपमानातून घडतात. सह्याद्रीच्या जुन्या घाटवाटा माणसांच्या पायांसाठी आणि ओझ्याच्या जनावरांसाठी घडविलेल्या आहेत. सातवाहन काळापासून व्यापाराचा मार्ग असलेल्या नाणेघाटासारख्या वाटेवर दगडी फरसबंदी आणि पायऱ्या आहेत. तेथे सायकल खांद्यावर घेण्यावाचून गत्यंतर नसते. बारा-पंधरा किलोंची सायकल खांद्यावर घेऊन पायऱ्या चढणारा माणूस दिसायला विनोदी दिसतो खरा. पण आपल्याला काय जमते आणि काय जमत नाही, हे त्या क्षणी त्याला पक्के कळलेले असते. ही समज विकत मिळत नाही.

चढाचे आणखी एक देणे आहे, आणि त्याचे मोल उतारावर कळते. ज्या वाटेने सायकलस्वार तासभर कुथत चढतो, त्या वाटेचा प्रत्येक सुटा दगड, प्रत्येक उघडे मूळ, पाण्याने कापलेली प्रत्येक ओघळ त्याच्या ओळखीची होते. परतीचा रस्ता तोच असेल, तर ही ओळख त्याचे रक्षण करते. गाडीत सायकल टाकून माथ्यावर उतरणारा मनुष्य या ओळखीला मुकलेला असतो. तो अनोळखी वाटेवर पहिल्यांदाच आणि तेही सर्वाधिक वेगाने जात असतो. अलीकडे विजेच्या मोटारीचे साह्य देणाऱ्या डोंगरी सायकलीही आल्या आहेत. उतारवयातील माणसाला, गुडघे दुखणाऱ्याला किंवा आजारातून उठलेल्याला त्यांच्यामुळे डोंगर पुन्हा गाठता येत असेल, तर त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. धडधाकट तरुणाने मात्र पहिल्या दिवसापासून मोटारीच्या भरवशावर चढावे, यात त्याचेच नुकसान आहे. ज्या देहाला चढण्याची ताकद कमवावी लागलेली नाही, त्याला उतारावर सायकल आवरण्याची ताकद कोठून येणार?

उताराचा आनंद नाकारण्याचा अर्थातच प्रश्न नाही. तो मोठा आनंद आहे. फरक इतकाच की तोही वाटतो तितका आयता नसतो. उतारावर सीटवर बसून राहणारा पडतो. पायडले समपातळीत ठेवून त्यांवर उभे राहावे लागते आणि तीव्र उतारावर शरीराचा भार मागे न्यावा लागतो. थांबविण्याची बहुतेक शक्ती पुढच्या ब्रेकमध्ये असते, पण तोच एकदम दाबला तर स्वार हँडलवरून पलीकडे जातो. म्हणून दोन्ही ब्रेक हलक्या बोटांनी, वळणाच्या आधी लावावे लागतात. सर्वांत अवघड शिस्त डोळ्यांची असते. चाक नजरेमागे जाते. ज्या दगडाची धास्ती घेऊन त्याच्याकडे टक लावावी, नेमके त्याच दगडावर चाक आदळते. दगडाशेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिले, तर सायकल तेथून निघून जाते. भीती वाटत असताना भीतीच्या वस्तूवरून नजर काढून वाटेवर ठेवणे, हे बोलायला सोपे आणि करायला वर्षे घेणारे काम आहे. त्यासाठी भीती मुळीच नको, असेही नव्हे. ज्याची भीती पूर्ण गेली, त्याच्याबरोबर डोंगरात न गेलेले बरे! पडण्याच्या वेळी हात आपोआप पुढे जातो आणि मनगट किंवा खांद्याजवळचे हाड मोडते. या खेळातील या नेहमीच्या दुखापती. हेल्मेट, हातमोजे आणि गुडघ्यांचे रक्षक ही सामग्री यासाठीच असते. ती दिखाऊ मानून घरी ठेवणाऱ्याला डोंगर सूट देत नाही.

महाराष्ट्रातील डोंगरांची आपली अशी काही दुखणी आहेत. परदेशी पुस्तके वाचून येथे आलेल्याला ती उमगत नाहीत. पावसाळ्यात पठारावरची काळी माती चाकाला अशी चिकटते की टायर आणि सांगाडा यांच्यातील फट बुजून चाक फिरणेच बंद होते. घाटातील काळ्या कातळावर शेवाळ धरते, आणि त्यावर कितीही चांगला टायर निरुपयोगी ठरतो. पावसानंतर गवत कमरेएवढे वाढते आणि त्याखाली दगड लपून बसतात. ऑक्टोबरचे ऊन पाण्याच्या दोन बाटल्या केव्हा संपविते ते कळत नाही. या छंदाला सर्वांत मानवणारा काळ म्हणजे हिवाळ्यातील सकाळ. परंतु त्या काळात वाटेवाटेवर सराटा वाळून पडलेला असतो. या लहानशा काटेरी फळाची रचना अशी की ते जमिनीवर कसेही पडले तरी एक काटा वर राहतोच. बाभळीचा काटा निदान दिसतो तरी. सराटा टायरमधून हवा जाऊ लागली की मगच आपली ओळख देतो.

डोंगरी सायकलीच्या टायरात हवा मुळातच कमी ठेवतात. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीत जेथे ८० ते १०० पौंड दाब असतो, तेथे हिच्यात २० ते ३० पौंड पुरतात. मऊ टायर दगडाला बिलगतो आणि पकड देतो. काही टायरांत ट्यूबऐवजी भोक आपोआप बुजविणारा द्रव घालतात. परंतु तो सर्वांना परवडतो असे नाही आणि सगळ्या भोकांना पुरतो असेही नाही. तेव्हा पंक्चर काढणे आलेच. सायकल उलटी करणे, टायर रिमवरून उतरविणे, ट्यूबमध्ये हवा भरून ती गालाजवळ फिरवीत भोक शोधणे, तेवढी जागा खरडून सोल्यूशन लावणे, ते वाळेपर्यंत धीर धरणे आणि मग ठिगळ दाबून बसविणे. या कामाला अर्धा तास सहज लागतो. घाई करणाऱ्याचे ठिगळ सुटते. तुटलेली चेन जोडणे, वाकलेली रिम तात्पुरती सरळ करणे, ब्रेक नीट बसविणे, हीही कामे यावी लागतात. कारण जवळच्या गावातील सायकल दुकानदार कितीही कुशल असला, तरी तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक त्याच्याकडे क्वचितच दुरुस्तीला आलेले असतात. ज्यांना एरवी हाताला काळे लागू देण्याची सवय नाही, अशा कितीतरी जणांना या छंदाने पाना धरायला शिकविले, ही या छंदाची एक बरी बाजू म्हटली पाहिजे.

येथेच पैशाचा विषय निघतो. भंगारातून जन्मलेल्या या छंदाची सायकल आज लाखांच्या घरात जाऊ शकते, आणि हा छंद केवळ धनिकांचा अशी समजूत त्यामुळे पसरली आहे. दुसऱ्या बाजूला बाजारात अशा सायकलीही भरपूर आहेत, ज्यांना जाड टायर आणि पुढे एक स्प्रिंग बसवून डोंगरीपणाचा आव आणलेला असतो. त्या स्प्रिंगमुळे वजन तेवढे वाढते आणि डोंगरात काही महिन्यांतच सगळे खिळखिळे होते. या दोन टोकांच्या मध्ये मार्ग आहे. मजबूत सांगाडा, खात्रीचे ब्रेक आणि चढाला पुरेल असा एक हलका गिअर, एवढे असले की आरंभ करता येतो. मातीचे गाडीरस्ते, कालव्याकाठच्या वाटा आणि सौम्य चढाच्या टेकड्या यांसाठी याहून अधिक लागत नाही. वापरलेली, पण नीट तपासलेली सायकल यासाठी उत्तम. पुढचा खर्च कौशल्य वाढेल तसा करावा. अनेकांचे नेमके उलटे होते: सायकल आधी वाढते आणि कौशल्य मागून कधीतरी येते.

वयाची सबबही अशीच तपासून पाहण्याजोगी आहे. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेबरोबर सायकल शिकण्याची मोहीम चालली आणि हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल चालवू लागल्या. त्यांतील अनेकींनी अक्षर आणि सायकल ही दोन्ही वाहने मोठेपणीच हाती धरली. त्यांना डोंगर चढायचा नव्हता, कामाला आणि बाजाराला जायचे होते. तरी मोठ्या वयात तोल शिकता येतो, पडण्याची लाज टाकता येते, हे त्यांनी दाखविलेच. डोंगरी सायकलिंगला याहून निराळे काही लागत नाही. फक्त हे शिक्षण सुटत नाही, दर नव्या वाटेवर पुन्हा सुरू होते.

आतापर्यंतची आव्हाने सायकलस्वाराच्या स्वतःच्या देहाची, मनाची आणि खिशाची होती. याहून मोठा प्रश्न वाट कोणाची हा आहे. डोंगरात आपोआप झालेली वाट नसते. ती गुरांच्या खुरांनी, मोळी आणणाऱ्या बायकांच्या पावलांनी, वाडीवरून खालच्या शाळेत जाणाऱ्या मुलांनी पाडलेली असते. त्यांच्यासाठी ती कामाची वाट आहे. सायकलस्वार तेथे पाहुणा आहे. डोक्यावर ओझे असलेल्या बाईला वाटेतून बाजूला व्हायला लावणे, शेळ्यांच्या कळपात भरधाव शिरणे, उभ्या पिकाच्या बांधावरून चाके नेणे, हे प्रकार करणाऱ्याने पुढच्या प्रत्येक सायकलस्वारासाठी त्या गावाचे दार बंद केलेले असते. पुण्यासारख्या शहरांच्या टेकड्यांवर सकाळी फिरायला येणाऱ्या वृद्धांचा प्रश्नही असाच आहे. वळणापलीकडून अचानक आलेल्या चाकाने ज्याच्या छातीत एकदा धडकी भरली, त्याला या छंदाचे फायदे पटवून देणे व्यर्थ आहे.

मातीचेही तसेच. मागचा ब्रेक करकचून दाबून चाक फरफटत नेले की वाटेवर एक चर पडते. दिसायला ती क्षुल्लक असते. परंतु सह्याद्रीत चार महिन्यांचा पाऊस त्या चरीतूनच वाट काढतो. तिची ओघळ होते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पायवाटेचा नाला होतो. कोकणातील जांभ्याचे सडे आणि सातारा जिल्ह्यातील कासचे पठार येथे तर कातळावर मातीचा थर बोटभरच असतो, आणि पावसाळ्यात त्या थरात इवल्या इवल्या वनस्पती फुलतात. पश्चिम घाटातील जी ठिकाणे २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, त्यांत कास आहे. अशा पठारावर ओल्या दिवसांत चाक घालणाऱ्याला निसर्गप्रेमी म्हणवून घेण्याचा अधिकार नाही, मग त्याने फुलांची छायाचित्रे कितीही सुंदर काढलेली असोत. अभयारण्यांत तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीवाचून जाताच येत नाही.

हे सारे टोकाला गेले म्हणजे काय होते, याचा दाखला छंदाच्या जन्मभूमीतच आहे. पायी फिरणाऱ्यांच्या आणि घोडेस्वारांच्या तक्रारी वाढल्या आणि १९८० च्या दशकात टॅमलपायस डोंगरावरील बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद करण्यात आल्या. ज्या डोंगराने सायकलीला नाव दिले, त्यानेच तिला अडविले. अमेरिकेच्या वनखात्याने १९८४ मध्ये संरक्षित रानांतही सायकलींना मनाई केली. तेव्हा कोठे सायकलस्वारांचे डोळे उघडले. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील काही सायकल मंडळांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि पायी चालणाऱ्याला वाट द्यावी, चाके फरफटवू नयेत, बंद वाटेवर जाऊ नये असे नियम स्वतःवर घालून घेतले. फावडी-घमेली घेऊन वाटा दुरुस्त करण्याचे कामही त्यांनी अंगावर घेतले. भारतात हा छंद अजून तरुण आहे. येथील सायकलस्वारांनी बंदीचा फलक लागण्याची वाट न पाहता घमेले आधी उचलावे, हे शहाणपणाचे ठरेल. वर्षातून दोन दिवस, पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळा सरल्यावर, नेहमीच्या वाटेवरचे पाणी बाजूला काढून देणारे आडवे चर खणले आणि ढासळलेले दगड बसविले, तर त्या वाटेचा उपयोग गुरांनाही होईल.

हिमालयातील सायकलिंगची गोष्ट थोडी निराळी असली, तरी तेथेही घाई हाच मोठा शत्रू आहे. मनाली ते लेह हा मार्ग गाठण्याचे स्वप्न अनेक सायकलस्वार पाहतात. या मार्गावरील तंगलंग ला ही खिंड ५,३०० मीटरांहून उंच आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळपास उरतो. मैदानातील तगडा जवानही तेथे चार पावलांत धापा टाकतो. मुक्कामाची उंची दररोज थोडी थोडीच वाढविणे आणि डोकेदुखी, मळमळ वाढत गेल्यास मुकाट्याने खाली उतरणे, यावाचून इलाज नाही. सुट्टीचे दिवस मोजून आखलेला प्रवास येथे घातक ठरतो. सह्याद्रीत ज्याने खाली उतरून चालण्याची लाज टाकलेली असते, त्याला हिमालयात मागे फिरणे थोडे सोपे जाते.

पुन्हा एकदा त्या घाटाच्या पायथ्याशी यावे. कधी कधी एखाद्या वळणावर असे घडते की हेल्मेट घातलेला सायकलस्वार वाटेच्या कडेला सायकल उलटी करून बसलेला असतो आणि मागून चाऱ्याच्या भाऱ्याची सायकल ढकलत शेतकरी येतो.

“एवढ्या गिअरची गाडी, आणि बसलात होय?” तो विचारतो.

“सराटा, काका. दुसऱ्यांदा बसला. आत्ताच ट्यूब बदलली होती.”

शेतकरी आपली सायकल झाडाला टेकवितो, उकिडवा बसतो आणि टायरच्या आतल्या बाजूने बोट फिरवू लागतो. थोड्याच वेळात त्याचे बोट एका जागी थांबते. “हा बघा, पहिलाच आत राहिलाय,” असे म्हणून तो नखाने काट्याचे मोडलेले टोक उपसतो आणि तळहातावर ठेवून दाखवितो. ठिगळ लावून, हवा भरून होईपर्यंत ऊन बरेच वर आलेले असते. पुढचा चढ खडा आहे. दोघेही आपापल्या सायकलीचे हँडल धरतात आणि वरच्या वळणाकडे चालू लागतात.